मीटर शून्य दाखवतो तेव्हा

आषाढी एकादशी आली की लग्नाचे मुहूर्त थांबतात आणि फोटोग्राफरच्या लाइटची बॅग कपाटावर जाते. ती खाली येते तुळशीचं लग्न लागल्यावर. मधले चार महिने पावसाचे, दमट हवेचे, आणि बॅगेतल्या बॅटऱ्यांकडे कुणी न बघण्याचे. मग पहिल्या हळदीच्या आदल्या रात्री चार्जरवर चार बॅटऱ्या चढतात. तीन मुकाट चार्ज होतात आणि चौथीचा दिवा लाल-हिरवा लुकलुकत राहतो. काढून पुन्हा लावली तरी तेच. व्होल्टेज मोजायचा मीटर लावला तर ०.००. ‘डेड झाली’ म्हणून ती बाजूला पडते.

या ०.०० वर लगेच विश्वास ठेवू नये. लिथियम-आयन सेल खरोखर शून्यावर जायला फार काळ लागतो, आणि गेलाच असेल तर त्याच्यासाठी करण्यासारखं काही उरत नाही. पण मीटरवर दिसणारं शून्य बहुतेक वेळा सेलचं नसतंच. सेल आणि बाहेरचे टर्मिनल यांच्यामध्ये बोटाच्या पेराएवढं एक सर्किट बसलेलं असतं. त्याने दार लावून घेतलं की बाहेर काही दिसत नाही. आत मात्र दोन सेल मिळून साडेचार-पाच व्होल्ट धरून असू शकतात. आत नक्की किती आहेत हे ठरवता आलं तरच ती बॅटरी जागी करायची की नाही ते ठरवता येतं. नाहीतर चांगली बॅटरी कचऱ्यात जाते, किंवा त्याहून वाईट म्हणजे टाकण्यासारखी बॅटरी पुन्हा मांडवात जाते.

इथे बोलतोय ती एनपी-एफ घराण्यातली बॅटरी. सोनीने कॅमकॉर्डरसाठी काढलेला हा चपटा ठोकळा आज जवळजवळ प्रत्येक एलईडी पॅनलच्या पाठीवर दिसतो, कंपनी कुठलीही असो. ५५० नंबरच्या मॉडेलमध्ये साधारणपणे दोन सेल असतात, ७५० मध्ये चार, ९७० मध्ये सहा. तिन्हींचं व्होल्टेज मात्र एकच: लेबलवर ७.२ किंवा ७.४, आणि पूर्ण भरल्यावर ८.४. कारण आत सेल नेहमी एकापुढे एक अशा दोनच पायऱ्यांत जोडलेले असतात. मोठ्या बॅटरीत प्रत्येक पायरीवर एकाऐवजी दोन किंवा तीन सेल समांतर बसतात, एवढाच फरक. बहुतेकांत सेल १८६५० मापाचे, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब.

संरक्षणाच्या सर्किटवर दोन इलेक्ट्रॉनिक स्विच असतात. एक चार्जिंग थांबवायला, दुसरा लाइटला जाणारा करंट थांबवायला. कुठलाही सेल साधारण अडीच व्होल्टच्या खाली घसरला की दुसरा स्विच उघडतो, म्हणजे करंटची वाट तुटते आणि दार लागतं. नेमका आकडा सर्किटवरच्या आयसीप्रमाणे, म्हणजे चिपप्रमाणे, बदलतो, २.३ ते २.८ च्या दरम्यान कुठेतरी असतो. तिथून पुढे टर्मिनलवर मीटर शून्य दाखवतो, कधी अर्धा-पाऊण व्होल्टचा भास होतो. आता पेच असा, की हुशार चार्जर आधी टर्मिनलवर व्होल्टेज शोधतो आणि ते दिसल्याशिवाय करंट सोडत नाही. सर्किट म्हणतं आधी चार्जर लागू दे, मग दार उघडतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि बॅटरी मध्येच अडकलेली.

ती इतकी खाली कशी गेली, हेही बघू. लिथियम-आयन सेलची स्वतःची गळती कमी असते, महिन्याला दोन-तीन टक्के. चार महिन्यांत तेवढ्याने अर्धी भरलेली बॅटरी मरत नाही. बहुतेक वेळा गुन्हेगार लाइटच असतो. पॅनल बटणाने बंद केला तरी आतलं सर्किट, रिमोटची वाट बघणारा रिसीव्हर, डिस्प्ले हे थोडा थोडा करंट पीत राहतात. समजा अर्धा मिलिअँप. दिवसाला १२ मिलिअँप-अवर, महिन्याला ३६०. ५५० ची क्षमता २२०० धरली आणि शेवटच्या लग्नातून ती अर्धी वापरून आली असेल, तर तीन महिन्यांत तळ गाठला. म्हणून बॅग ठेवताना बॅटरी लाइटवरून उतरवणं ही एकच सवय पुढचा सगळा खटाटोप वाचवते.

दार लागल्यानंतर खरं घड्याळ सुरू होतं. अडीच व्होल्टवर सेलमध्ये जवळजवळ काही शिल्लक नसतं, आणि स्वतःची गळती तर चालूच असते. सेलमधला ग्रॅफाइटचा थर तांब्याच्या पातळ पत्र्यावर चढवलेला असतो. सेल दीड-दोन व्होल्टच्या खाली जाऊन तिथेच पडून राहिला की हे तांबं इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळू लागतं. पुन्हा चार्ज केल्यावर ते परत धातू होऊन साचतं, पण मूळ जागी नाही, मिळेल तिथे. त्यातून आतल्या आत बारीक शॉर्ट तयार होतो. तो आज दिसत नाही. चार-सहा चार्जनंतर कधीतरी सेल गरम होऊ लागतो, आणि तेव्हा ती बॅटरी कुणाच्या तरी घरात, पडद्याजवळ, रात्री चार्जिंगला लावलेली असते. म्हणून दार लागून पंधरा दिवस झालेत की आठ महिने, हा प्रश्न व्होल्टेजच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा.

कामाला लागण्याआधी बॅटरी हातात घेऊन नीट बघावी. बाजूची शिवण उकललेली, खोका फुगलेला, कोपरा दबलेला, तळाशी ओल, किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास, यातलं एकही असेल तर तिथेच थांबायचं. खिशात मावणाऱ्या छोट्या आरजीबी, म्हणजे रंग बदलणाऱ्या, लाइटमध्ये कडक सेलऐवजी मऊ पाकिटाची बॅटरी असते. ती फुगली असेल तर सुई टोचून हवा काढणं, दाबून बसवणं असले उद्योग कुणीही करू नयेत.

दिसायला ठीक असेल तर कॉन्टॅक्ट साफ करायचे. चार महिन्यांच्या दमट हवेत त्यांच्यावर काळपट थर चढतो, आणि ‘चार्ज घेत नाही’ या तक्रारीतल्या काही बॅटऱ्या इथेच सुटतात. कानकोरण्याच्या कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसायचं, पाच मिनिटं वाळू द्यायचं. पॉलिश पेपरने घासू नये, मुलामा निघून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात गंज लवकर धरतो. प्लस आणि मायनसबरोबर असणारा तिसरा कॉन्टॅक्टही पुसायचा. काही चार्जर त्यावरूनच बॅटरी ओळखतात.

मग मीटर डीसी २० व्होल्टवर. सहा ते साडेसात दिसलं तर बॅटरी नुसती रिकामी किंवा अर्धवट भरलेली आहे, दोष चार्जरचा किंवा कॉन्टॅक्टचा. शून्याच्या आसपास असेल तर आधी सोपे उपाय. अलीकडच्या बऱ्याच एनपी-एफ बॅटऱ्यांच्या अंगावरच टाइप-सी पोर्ट असतो. त्या पोर्टमागच्या चार्जिंगच्या आयसीत खाली गेलेल्या सेलला आधी थेंबथेंब करंट देण्याची सोय बहुधा असते. साध्या ५ व्होल्टच्या चार्जरवर अर्धा तास ठेवून मीटर बघावा. पोर्ट नसेल तर दुसरा, शक्यतो जुन्या धाटणीचा चार्जर लावून बघावा. काही चार्जर बॅटरी बसवताक्षणी तपासणीसाठी क्षणभर करंट सोडतात. पाच-सात वेळा काढघाल केली की तेवढ्या धक्क्यांनीही कधीकधी दार उघडतं.

त्यानेही झालं नाही तर बेंच सप्लाय. रिपेअरवाल्यांच्या टेबलावर व्होल्टेज आणि करंट दोन्ही बांधता येणारी जी पेटी असते, ती. जोडणीसाठी मगरचिमटे वापरू नयेत. एनपी-एफचे कॉन्टॅक्ट अरुंद खाचांत असतात, चिमटा सटकला की शॉर्ट. त्यापेक्षा बंद पडलेल्या चार्जरची किंवा पॅनलची, बॅटरी सरकवून बसवायची प्लेट घ्यावी आणि तिला लाल-काळी वायर जोडावी. दुकानात मिळणारी ‘डमी बॅटरी’ याला चालत नाही. ती बॅटरीच्या जागी बसते, आपल्याला बॅटरी बसवायची जागा हवी आहे. प्लस-मायनस खोक्यावर कोरलेले असतात. ते प्लेटशी दोनदा ताडून बघायचे, कारण उलट जोडणी सर्किट क्षणात संपवते.

सप्लायवर वरची मर्यादा ६.८ व्होल्ट ठेवायची. करंट ५५० साठी ०.१ अँपिअर, ९७० असेल तर ०.३ पर्यंत चालेल. दोन्ही वायरची टोकं एकमेकांना टेकवून करंटची मर्यादा आधी नक्की करायची, मगच प्लेट बॅटरीवर सरकवायची.

आता सप्लायच्या आकड्यांवरून नजर हलवायची नाही. सगळं निदान पहिल्या दोन मिनिटांत आहे. करंटच्या खिडकीत ०.१० दिसतो, आणि व्होल्टेजच्या खिडकीत ६.८ न दिसता त्याहून कमी काहीतरी दिसतं, समजा ५.३. हा आकडा आतून आलेला निरोप आहे. उघडलेल्या स्विचमध्ये एक डायोड असतो, तो करंटला आत जाऊ देतो पण त्याबद्दल ०.६ ते ०.७ व्होल्ट खातो. ५.३ मधून ०.६ वजा केले तर ४.७, म्हणजे सेलमागे २.३५. ही बॅटरी जागी करण्यासारखी आहे. खिडकीत ३.१ दिसलं असतं तर सेलमागे सव्वा व्होल्ट. तिथेच प्लेट काढायची आणि बॅटरी बाद करायची. सेलमागे दोनच्या वर असेल तर पुढे जावं. दीड ते दोनच्या मध्ये असेल आणि बॅटरी महिनोनमहिने पडून असेल, तर माझ्या मते सोडून द्यावी. ५५० ची नवी बॅटरी एवढी महाग नाही.

चांगल्या बॅटरीत आकडा हळूहळू चढतो: ५.३, ५.४, ५.६. आणि मग एक गंमत दिसते. चढता चढता तो एकदम अर्धा-पाऊण व्होल्ट खाली येतो. नवख्याला वाटतं काहीतरी बिघडलं. प्रत्यक्षात दार उघडलेलं असतं. स्विच पुन्हा जोडला गेला, डायोडचं खाणं थांबलं, आणि आता दिसतं ते सेलचं खरं व्होल्टेज. काही आयसी हे चार्जर लागल्याची चाहूल घेऊन लवकर करतात, काही सेल तीन व्होल्टच्या आसपास येईपर्यंत थांबतात. प्लेट काढून टर्मिनलवर मीटर लावला की ०.०० च्या जागी पाच-सहा व्होल्ट उभे असतात. सहाच्या थोडं वर गेलं की सप्लायचं काम संपलं. पुढे नेहमीचा चार्जर. सगळं पाव ते अर्ध्या तासात उरकतं.

करंट शून्यावरच राहिला तर फ्यूज गेलेला असतो, किंवा त्या बॅटरीचा आयसी फार खाली गेलेल्या सेलला चार्जिंग मुद्दाम नाकारणारा असतो. त्याने नाकारलं तर ऐकावं. व्ही-माउंटच्या, म्हणजे मोठ्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या आणि लाइटच्या पाठीवर बसणाऱ्या, काही बॅटऱ्यांतलं सर्किट अशी नोंद कायमची करून ठेवतं, ते पुसायच्या भानगडीत पडू नये. करंट जातोय पण अर्ध्या तासानंतरही व्होल्टेज जागचं हलत नाही, म्हणजे आत शॉर्ट आहे. आणि हात लावून बघत राहायचं. ०.१ अँपिअरने बॅटरीत अर्धा-पाऊण वॉटच जातो, एवढ्याने ती कोमटसुद्धा होऊ नये. झालीच तर काढायची, फरशीवर मोकळ्या जागेत ठेवायची आणि लक्ष ठेवायचं. हा पहिला चार्ज लादीवर, गादी-पडद्यांपासून दूर, जागेपणी आणि जवळ बसून करायचा. रेतीची बादली हाताशी असावी.

‘किक देणं’ नावाचा प्रकार सर्रास चालतो. भरलेली बॅटरी दोन वायरनी रिकामीला टेकवायची की झालं. पाच सेकंदांत जमतं, म्हणून ते पसरलं. हिशेब करून बघा. भरलेली ८.३ वर, रिकामी ४.७ वर, फरक ३.६ व्होल्ट. डायोडने त्यातले ०.६ खाल्ले तरी ३ उरतात. दोन ९७० असतील तर दोघींचा अंतर्गत रोध आणि वायर मिळून ०.२ ओहमच्या आसपास. म्हणजे १५ अँपिअर, जिथे आपण ०.३ सोडत होतो तिथे. तळाला गेलेल्या सेलला हे सोसत नाही. त्यात निदान काहीच होत नाही, आत सव्वा व्होल्ट होते की अडीच, हे कळतच नाही. ९ व्होल्टच्या चौकोनी सेलने किक देताना करंट कमी जातो खरा, पण मोजमाप तिथेही नाही.

बाहेरून मोजण्याची एक मर्यादा सांगायला हवी. आपल्याला बेरीज दिसते, वाटणी दिसत नाही. ४.७ म्हणजे २.३५ अधिक २.३५ असेल, किंवा ३.२ अधिक १.५ असेल. एनपी-एफच्या स्वस्त बॅटऱ्यांत दोन पायऱ्या समान करण्याची सोय बहुधा नसते. अशी वाकडी बॅटरी चार्जरवर झटपट ‘फुल’ होते, कारण तगडा सेल वरच्या हद्दीला पोहोचला की सर्किट चार्जिंग तोडतं. आणि लाइटवर तितक्याच झटपट बंद पडते, कारण दुबळा सेल खालची हद्द गाठतो. बॅकअप देत नाही ती बऱ्याचदा हीच. खात्री खोका उघडूनच होते. खोका ध्वनिलहरींनी सांधलेला असतो, उघडताना पातं आत गेलं तर सेल फाटतो. हे काम जाणकाराचं. सेल बदलायचेच तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत स्पॉट वेल्डिंगवाल्याकडे द्यावं. सेलवर थेट सोल्डर मारणाऱ्याकडे देऊ नये, त्या उष्णतेने आतलं सील आणि पडदा दुखावतो.

जागी झाली म्हणजे कामाची झाली असं नाही. पूर्ण चार्ज करून, चार्जरवरून काढून, तासाभराने मीटर बघायचा. ८.३ च्या आसपास असावं. तीच बॅटरी चोवीस तास बाजूला ठेवून पुन्हा मोजायची. एका दिवसात ०.१ व्होल्टहून जास्त उतरली तर आत गळती आहे, तांब्याची गोष्ट खरी ठरली. पुढे वापरू नये. टिकली तर लाइटवर लावून, पूर्ण ब्राइटनेसवर, घड्याळ लावून जाळायची. २२०० मिलिअँप-अवर गुणिले ७.४ म्हणजे साधारण १६ वॉट-अवर. १५ वॉटचा पॅनल त्यावर पंचावन्न मिनिटं ते तास चालायला हवा. चाळीस मिनिटं मिळाली तर जवळच्या कामाला ठेवावी. वीस मिळाली तर थांबावं. लाइट चालू करताना व्होल्टेज किती दबतं तेही बघावं. ०.३-०.४ व्होल्ट ठीक, एकाहून जास्त असेल तर सेल थकलेत, लेबल काहीही म्हणो.

अशी वाचवलेली बॅटरी स्ट्रोबला, म्हणजे जोरदार फ्लॅशला, देऊ नये. २०० वॉट-सेकंदाच्या हातात मावणाऱ्या फ्लॅशला १४.४ व्होल्टची, चार पायऱ्यांची बॅटरी लागते, आणि प्रत्येक क्लिकनंतर पुन्हा भरताना तो तिच्यातून जोरदार करंट ओढतो. चार सेलमधला एक जरी दुबळा असला तरी सगळा मार त्याच्यावर. वाचवलेल्या ५५० ला छोटा व्हिडिओ लाइट, मॉनिटर असली हलकी कामं द्यावीत, आणि पुढच्या दहा-बारा चार्जपर्यंत तिला एकटीला सोडू नये.

स्पीडलाइटमधले, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणाऱ्या छोट्या फ्लॅशमधले, निकेल-मेटल हायड्राइडचे एए सेल वेगळ्या जातीचे. ते रिकामे पडले तरी लिथियमसारखे धोकादायक होत नाहीत, सुस्त होतात. हुशार चार्जर त्यांनाही नाकारतो. त्यांना लागतो जुना मंद चार्जर: २००० मिलिअँप-अवरच्या सेलला २०० मिलिअँप, सोळा तास. मग १ व्होल्टपर्यंत सावकाश उतरवायचा, पुन्हा भरायचा. तीन-चार फेऱ्यांत बरेच सेल ताळ्यावर येतात. चारांत एक दुबळा राहिला तर बाकीचे तिघे त्याला उलट्या दिशेने ढकलतात आणि तो कायमचा जातो, म्हणून मार्करने अ-१ ते अ-४ असे आकडे घालून चौकडी कधीच फोडू नये. आणि हो, फ्लॅशसुद्धा बॅटरीबरोबर झोपलेला असतो. आतला मोठा कपॅसिटर महिनोनमहिने न भरल्यास त्याच्या आतला ऑक्साइडचा थर क्षीण होतो. ताजे सेल घालून पहिले काही क्लिक सर्वांत कमी पॉवरवर, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबून मारावेत, मग वर जावं. फ्लॅश उघडायला मात्र जाऊ नये, बंद असतानाही त्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्ट असू शकतात.

बाद झालेल्या बॅटरीच्या टर्मिनलवर चिकटपट्टी लावून ती वेगळी ठेवावी आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्राला किंवा विक्रेत्याला द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. घंटागाडीत टाकलेली लिथियम बॅटरी कचऱ्याच्या दाबाखाली चेपते आणि पेट घेते, त्याची झळ गाडीवरच्या माणसाला बसते.

पुढच्या आषाढीला बॅटऱ्या ठेवताना पूर्ण भरून ठेवू नयेत आणि रिकाम्याही नकोत. ७.४ ते ७.६ व्होल्ट, म्हणजे निम्म्याच्या आसपास. लाइटवरून उतरवून, कॉन्टॅक्टवर टोपी लावून, प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून, घरातल्या थंड कोपऱ्यात. प्रत्येकीवर कागदी पट्टी: तारीख आणि व्होल्टेज. गणपतीत एकदा मीटर लावायचा. मग खंडेनवमी येते. त्या दिवशी कॅमेरे, लेन्स, लाइट सगळं पुजायला बाहेर निघतंच, आणि तुळशीच्या लग्नाला अजून महिनाभर असतो. एखादी खाली गेलेली सापडली तर तिला जागं करायला, चोवीस तास ठेवून तपासायला आणि नसेल जमत तर नवी मागवायला पुरेसा वेळ. पूजा मांडायच्या आधी पाटावर बॅटऱ्या ओळीने ठेवून एकेकीचा आकडा घ्यावा आणि जुन्या आकड्याखाली पट्टीवर लिहावा. हळदकुंकू खोक्याच्या पाठीवर लावावं, कॉन्टॅक्टच्या खाचांत जाऊ देऊ नये.